पाच चॅम्पियन, चार जागा आणि भलत्याच मुद्द्यावर चाललेलं भांडण

जर्मन फुटबॉलच्या खालच्या लीगांमध्ये एक वाद कित्येक वर्षं धुमसतोय आणि २०२५ पासून तो चांगलाच पेटलाय. मुद्दा तसा साधाय. चौथ्या पायरीवर, म्हणजे रेगिओनाललिगात, पाच विभागीय लीग आहेत: उत्तर, ईशान्य, पश्चिम, नैऋत्य आणि बव्हेरिया. पाच लीगचे पाच चॅम्पियन, पण वरच्या ड्रिटे लीगात, म्हणजे तिसऱ्या पायरीवर, जायला जागा चारच. तिघं थेट वर जातात, उरलेले दोन चॅम्पियन एकमेकांशी दोन मॅच खेळतात आणि त्यातला एक, अख्खा सीझन जिंकून, ट्रॉफी उचलून, पुढच्या वर्षी परत त्याच मैदानांवर त्याच टीमांशी खेळायला लागतो. पाहुणे पाच बोलवायचे, ताटं चार मांडायची आणि मग दोघांना अंगणात कुस्ती खेळायला लावायची, असला हा प्रकार. पूर्वेकडच्या स्टेडियममध्ये 'चॅम्पियन वर गेलेच पाहिजेत' असे बॅनर लागतात, ईशान्येच्या, म्हणजे जुन्या पूर्व जर्मनीच्या भागातल्या, क्लबांनी एकत्र येऊन सुधारणेची मागणी केली, बाकीच्या लीगमधलेही बरेच क्लब त्यांच्या बाजूने आले, आणि तरीही हा वाद ज्या पद्धतीने घातला जातोय ती बघून डोकं धरायची वेळ येते.

कारण एका बाजूला चाललंय 'पश्चिम जर्मनी आम्हाला १९९० पासून दाबतेय' हे आणि दुसऱ्या बाजूला 'तुमचा विभाग छोटा, आमचे क्लब जास्त, मग जागाही आमच्या जास्त' हे. दोघंही नकाशाकडे बोट दाखवतात. माझं म्हणणं असं की चॅम्पियन वर गेलाच पाहिजे ही मागणी शंभर टक्के बरोबर आहे, पण तिचा पूर्व-पश्चिमशी जो संबंध लावला जातोय तो चूक आहे, आणि तो चुकीचा असल्यामुळेच मागणी अडकून पडलीये. हा आकड्याचा घोळ आहे आणि तो आकडा तसा आहे कारण विभागीय संघटनांना आपापल्या हद्दी सोडायच्या नाहीत. लीग पाचाच्या चार करा, प्रश्न संपतो. जागा पाच करा ही मागणी मला पटत नाही, त्यावर पुढे येतोच.

पण आधी १९९६-९७ चा सीझन बघायला हवा, कारण आज जे बोललं जातंय त्यातलं निम्मं त्या एका सीझनसमोर टिकत नाही. तेव्हा रेगिओनाललिगा ही तिसरी पायरी होती. १९९४ मध्ये सुरू झालेली, चार लीगची: उत्तर, ईशान्य, पश्चिम-नैऋत्य आणि दक्षिण. त्याच्या वर थेट दुसरी बुंडेसलिगा, आणि तिच्या वर सगळ्यात वरची बुंडेसलिगा. आणि त्या वर्षी तिथे कोण कोण खेळत होतं बघा. न्युर्नबर्ग, ज्यांनी नऊ वेळा जर्मनीचं विजेतेपद जिंकलं होतं, ते १९९६ मध्ये घसरत थेट तिसऱ्या पायरीवर आलेले. हॅनोव्हर ९६, म्हणजे १९९२ ला दुसऱ्या डिव्हिजनमध्ये असताना जर्मन कप जिंकलेला क्लब, नेमका आपल्या शंभराव्या वर्षी तिसऱ्या पायरीवर. ड्रेस्डेन तर १९९५ ला बुंडेसलिगातून खाली जाताना लायसन्सही गमावून बसले आणि मधली पायरी गाळून थेट इथे आपटले. आणि कॉटबुस, पोलंडच्या सीमेजवळचं कोळशाच्या खाणींच्या भागातलं शहर, कोच एडुआर्ड गायर, जो पूर्व जर्मनीच्या नॅशनल टीमचा शेवटचा कोच होता. या कॉटबुसने त्याच सीझनमध्ये तिसऱ्या पायरीवरून जर्मन कपची फायनल गाठली, सेमीफायनलमध्ये कार्ल्सरूहला ३-० ने उडवून, आणि फायनलला श्टुटगार्टकडून २-० हरले. आता विचार करा, कपच्या फायनलला पोचलेली टीम आपली लीग जिंकते आणि तरी वर जायची खात्री नाही.

कारण नियमच तसा होता. दक्षिणेचा चॅम्पियन थेट वर, पश्चिम-नैऋत्येचा चॅम्पियन थेट वर, आणि उत्तर आणि ईशान्य यांच्या चॅम्पियन लोकांनी आपापसात प्ले-ऑफ खेळायचा. उत्तरेत हॅनोव्हर जिंकलं, ईशान्येत कॉटबुस. पहिली मॅच हॅनोव्हरमध्ये, ०-०. दुसरी कॉटबुसच्या स्टेडियममध्ये, ज्याचं नाव 'मैत्रीचं स्टेडियम', आणि त्या मैत्रीच्या स्टेडियममध्ये हॅनोव्हरच्या गेराल्ड असामोआ आणि ओटो आडो या दोन काळ्या खेळाडूंना स्टँडमधून जे काय ऐकावं लागलं ते जर्मन फुटबॉलच्या लाजिरवाण्या पानांपैकी एक आहे. त्यात मॅच चालू असताना मध्येच फ्लडलाइट गेले. सगळा अंधार. मग परत लाइट आली, खेळ सुरू झाला, कॉटबुस ३-१ जिंकलं आणि वर गेलं. हॅनोव्हर, उत्तरेचा चॅम्पियन, तिथेच राहिला. (तो असामोआ पाच वर्षांनी वर्ल्ड कप फायनलमध्ये जर्मनीच्या जर्सीत मैदानावर उतरला आणि कॉटबुसने २००१ मध्ये बुंडेसलिगात पहिल्यांदाच अकराच्या अकरा परदेशी खेळाडू एका मॅचला उतरवले. इतिहासाला विनोदबुद्धी असते की काय कोण जाणे.)

इथवरची गोष्ट बऱ्याच लोकांना माहीत असते. जे सांगितलं जात नाही ते हे, की त्या वर्षी चौथी जागा कोणाला मिळाली? ग्रॉयथर फ्युर्थला. फ्युर्थ म्हणजे दक्षिणेत न्युर्नबर्गच्या मागे दुसरे आलेले. पश्चिम-नैऋत्येतून वाटेनशाइड गेलं, ईशान्येतून कॉटबुस, आणि दक्षिणेतून पहिला आणि दुसरा, दोघंही. कारण जास्तीची जागा फिरती होती आणि त्या वर्षी ती दक्षिणेच्या वाट्याला होती. आदल्या वर्षी पश्चिम-नैऋत्येची पाळी होती, तेव्हा तिथून ग्युटर्सलो आणि एसेन असे दोन गेले आणि ईशान्येचा चॅम्पियन टेनिस बोरुसिया बर्लिन प्ले-ऑफमध्ये ओल्डेनबुर्गकडून हरून घरी बसला. म्हणजे एका लीगचा उपविजेता वर आणि दुसऱ्या लीगचा विजेता खाली, हे अधिकृत नियमाप्रमाणे, कॅलेंडर बघून. आता सांगा, १९९७ ला अन्याय कोणावर झाला? पश्चिम जर्मनीतल्या एका मोठ्या, श्रीमंत शहराच्या क्लबवर. आणि फायदा कोणाचा झाला, तर पूर्वेच्या कॉटबुसचा. पूर्व-पश्चिमच्या चष्म्यातून हा सीझन वाचून दाखवा बरं कोणीतरी मला.

आता पूर्वेच्या लोकांची बाजू. ती हसण्यावारी नेण्यासारखी अजिबात नाही. १९९१ मध्ये दोन्ही जर्मनींच्या लीग एकत्र केल्या तेव्हा पूर्वेच्या टॉप डिव्हिजनमधून फक्त दोन क्लब बुंडेसलिगात घेतले, रोस्टॉक आणि ड्रेस्डेन, सहा दुसऱ्या डिव्हिजनमध्ये, आणि बाकीचे सगळे त्याहून खाली. सलग दहा वेळा पूर्व जर्मनीचं विजेतेपद घेतलेला बर्लिनचा बीएफसी डायनॅमो थेट तिसऱ्या पायरीवर गेला (त्या दहा विजेतेपदांमागे गुप्तपोलिसांचा हात किती हा वेगळा विषय, तिथे आत्ता नको जायला). चांगले खेळाडू पश्चिमेला गेले, कारखाने बंद पडले तसा क्लबांमागचा पैसा गेला. त्यामुळे ईशान्येच्या फॅनला वाटतं की नियम बनवणारे तिकडचे आणि भोगणारे आम्ही, तर त्या वाटण्याला आधार आहे. आणि अलीकडचे निकाल बघितले तर जखमेवर मीठच. २०२० ला लोक लाइपझिग हा क्लब ('लोक' म्हणजे लोकोमोटिव्ह) ईशान्येचा चॅम्पियन, समोर पश्चिमेकडून फेर्ल, तेही चॅम्पियन नव्हे कारण तिथला चॅम्पियन रोडिंगहाउझनने वर जायला अर्जच केला नव्हता, कोविडमुळे स्टेडियम रिकामं, लाइपझिगमध्ये २-२, परतीच्या मॅचला १-१, आणि अवे गोलच्या नियमाने (बरोबरी झाली तर समोरच्याच्या मैदानावर जास्त गोल करणारा पुढे) फेर्ल वर. लोक लाइपझिग एकही मॅच न हरता बाहेर! २०२२ ला बीएफसी ओल्डेनबुर्गकडून हरलं. २०२३ ला कॉटबुस उंटरहाखिंगकडून दोन्ही मॅच हरलं. २०२५ ला परत लोक लाइपझिग, समोर हाफेल्झे, हॅनोव्हरजवळचा एक छोटासा क्लब, पहिली मॅच १-१, दुसरी एक्स्ट्रा टाइममध्ये ३-० ने गेली. २०२० ते २०२५ मध्ये ईशान्येचा चॅम्पियन चार वेळा प्ले-ऑफला उतरला आणि चारही वेळा हरला.

लोक लाइपझिगबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण या क्लबचं नाव घेतलं की वादाला भावनेचा रंग का चढतो ते कळतं. १९८७ मध्ये हा क्लब युरोपच्या कप विनर्स कपच्या फायनलला होता, अथेन्समध्ये, अयाक्सविरुद्ध, फान बास्टनच्या एका गोलने हरले. पुढे नाव बदलून व्हीएफबी लाइपझिग झालं, म्हणजे १९०३ च्या पहिल्यावहिल्या जर्मन चॅम्पियनचं जुनं नाव परत घेतलं, मग दिवाळं निघालं, आणि फॅन्सनी जुन्या नावाने क्लब पुन्हा काढून २००४ मध्ये अकराव्या पायरीवरून सुरुवात केली. अकराव्या! त्या सीझनला सेंट्रल स्टेडियममध्ये झालेल्या त्यांच्या एका मॅचला बारा हजारांवर लोक आले होते, समोर कोण तर एका गावच्या क्लबची दुसरी टीम. एवढं सगळं चढून येऊन माणसं दोनदा लीग जिंकतात आणि दोनदा दारातून परत येतात. राग येणारच. मलाही येतो.

पण राग आला म्हणून हिशोब बदलत नाही. २०१३ ते २०१८ ही सहा वर्षं काढा. तेव्हा जागा तीनच होत्या, म्हणजे परिस्थिती आजच्यापेक्षा वाईट, पाच चॅम्पियन आणि नैऋत्येचा दुसऱ्या नंबरचा क्लब अशा सहा टीम, तीन जोड्या, तीन विजेते वर. त्या सहा वर्षांत ईशान्येचा चॅम्पियन किती वेळा जिंकला? पाच वेळा. २०१३ ला आरबी लाइपझिग, २०१५ ला माग्डेबुर्ग, २०१६ ला झ्विकाउ, २०१७ ला येना, २०१८ ला कॉटबुस. फक्त २०१४ ला नॉयश्ट्रेलिट्झ हरलं. आणि ज्या नैऋत्येला दोन जागा देऊन लाडावलंय असं म्हणायचे, तिचं काय झालं? २०१५ ते २०१८, चार वर्षं, दरवर्षी दोन टीम, आठच्या आठ लढती हरल्या. ऑफेनबाख, झारब्र्युकन, एल्फर्सबर्ग, मानहाइम, आलटून पालटून. मानहाइम तर लागोपाठ तीन वर्षं. त्यातल्या २०१७ च्या लढतीत मेपेनविरुद्ध दोन्ही मॅच ०-०, एकशे ऐंशी मिनिटं आणि वर एक्स्ट्रा टाइम, एकही गोल नाही, आणि पेनल्टीवर गेले. २०१८ ला तर मानहाइमच्या स्टँडमधून इतका धूर आणि फटाके आले की मॅच थांबवून उर्डिंगेनला विजयी घोषित करावं लागलं.

मग झालं काय? नैऋत्येने आरडाओरडा केला आणि २०१८-१९ पासून जागा तीनाच्या चार झाल्या आणि त्यातली एक नैऋत्येला कायमची थेट मिळाली. थोड्याच दिवसांत पश्चिमेलाही कायमची मिळाली. उरलेली थेट जागा उत्तर, ईशान्य आणि बव्हेरिया यांच्यात फिरती, आणि त्या तिघांपैकी दोघं दरवर्षी प्ले-ऑफला. म्हणजे आजचा बळी ईशान्य आहे कारण कालच्या बळीने आपली सुटका करून घेतली, बाकी काही नाही. उद्या ईशान्येने जोर लावून आपली एक कायमची जागा मिळवली तर? तर उत्तर आणि बव्हेरिया दरवर्षी, न चुकता, एकमेकांची मान धरतील. तो न्याय झाला का? २०२४ ला व्युर्त्सबुर्गने बव्हेरियाची लीग जिंकली आणि पेनल्टीवर हॅनोव्हरच्या राखीव टीमकडून हरले, राखीव टीमकडून, तेव्हा पूर्वेत किती बॅनर लागले होते? त्या वर्षी ईशान्येची थेट जायची पाळी होती आणि कॉटबुस आरामात वर गेलं होतं. हे टोचून बोलायचं म्हणून बोलत नाहीये, पण मागणी 'सगळ्या चॅम्पियनची' म्हणायची तर दुसऱ्याचा चॅम्पियन अडकतो त्या वर्षीही आवाज निघायला हवा.

आता दुसरी बाजू, संघटनांमधली. त्यांचा सगळ्यात भक्कम मुद्दा आकाराचा. पश्चिम आणि नैऋत्य या विभागांमध्ये नोंदणीकृत टीमांची संख्या प्रचंड आहे, लाखो लोक राहतात, शेकडो गावांत क्लब आहेत, खालून वर यायला तिथे गर्दी जास्त, मग प्रत्येक विभागाला एकच जागा हा तरी कुठला न्याय? हा मुद्दा मी खरंच मान्य करतो. सहा राज्यांची ईशान्य लीग आणि एकट्या नॉर्थ राइन-वेस्टफालियाची पश्चिम लीग यांना सारखं मापणं सोपं नाही. पण यातून निघतं काय? यातून निघतं की हद्दी चुकीच्या आखल्यात. पॉप्युलेशन जास्त असेल तर हद्द बदला, चॅम्पियनची किंमत कशाला बदलताय? चौतीस मॅच खेळून पहिला आलेला क्लब हा पहिला आलेला क्लब असतो, त्याच्या विभागात किती पोरं नोंदवलीयेत हे त्याच्या हातात नसतं.

मग परंपरेचा मुद्दा येतो. जर्मनीत हे नेहमीच असं होतं, आत्ताच काय बिघडलं? हेही खोटं नाही. १९६३ ते १९७४ रेगिओनाललिगा ही दुसरी पायरी होती, पाच लीग, आणि चॅम्पियन-उपविजेते मिळून एक वेगळी स्पर्धा खेळायचे, त्यातून दोनच क्लब बुंडेसलिगात जायचे. खुद्द बायर्न म्युनिक तिथेच दोन वर्षं होतं, कारण १९६३ ला बुंडेसलिगा सुरू करताना दक्षिणेला पाच, पश्चिमेला पाच, उत्तरेला तीन, नैऋत्येला दोन आणि बर्लिनला एक असे कोटे ठरले आणि एका शहरातून दोन क्लब नकोत म्हणून म्युनिकमधून '१८६० म्युनिक' हा क्लब घेतला. तेव्हाही आखेनसारखे क्लब बोंबलत होते की कोट्याने मारलं. म्हणजे तक्रार साठ वर्षं जुनी आहे. पण त्या साठ वर्षांत जर्मनांनी तिच्यावर उपाय काय काढला हे परंपरावाले सांगतच नाहीत. १९७४ ला पाच लीग मोडून दुसऱ्या बुंडेसलिगाचे दोन गट केले. १९९४ ला तिसऱ्या पायरीवरच्या दहा ओबरलिगा मोडून चार रेगिओनाललिगा केल्या. २००० ला, हॅनोव्हर-कॉटबुससारख्या प्रकारांनी वैतागून म्हणा किंवा आणखी कशाने, चाराच्या दोन केल्या, उत्तर आणि दक्षिण, प्रत्येकीतून दोन थेट वर, आणि प्ले-ऑफ हा शब्दच आठ वर्षं गायब. २००८ ला ड्रिटे लीगा आली, खाली तीन रेगिओनाललिगा, तीन जागा, तीन चॅम्पियन, हिशोब परत जुळलेला. दरवेळी लीग कमी करून प्रश्न सुटलाय. एकदाच उलटं केलं, २०१२ ला, तीनाच्या पाच केल्या, आणि तेव्हापासून हे सगळं चालू आहे.

२०१२ ला पाच का केल्या याचंही उत्तर प्रामाणिकपणे द्यायला हवं. तीन लीग असताना प्रवास लांबचे होते, खर्च झेपत नव्हता, काही क्लब बुडाले, काहींनी स्वतःहून खालच्या डिव्हिजनमध्ये जाणं पसंत केलं. चौथ्या पायरीवरचे बरेच खेळाडू दिवसा नोकरी करतात, त्यांना बुधवारी संध्याकाळी पाचशे किलोमीटर लांब मॅचला नेणं म्हणजे रजा, हॉटेल, बस, सगळंच आलं. हा मुद्दा खरा आहे आणि बॅनरवाले त्याला नेहमी टांग मारतात. पण पाच लीगने प्रवास खरंच कमी झाला का? येना थुरिंगियात आहे. तिथून बव्हेरियातलं बायरॉइट जवळ आहे, गाडी काढली की पोचलात. पण येना ईशान्येच्या लीगमध्ये, म्हणून त्यांना बाल्टिक समुद्राजवळच्या ग्राइफ्सवाल्डपर्यंत जावं लागतं, बायरॉइटच्या तिप्पट लांब. झ्विकाउचं तेच. मधे जी रेष आहे ती भूगोलाची नाही, ती जुन्या दोन देशांमधली सीमा आहे, जी १९९० मध्ये संपली आणि फुटबॉल संघटनांच्या फायलींमध्ये जिवंत राहिली. आणि गंमत बघा, पूर्वेचे जे फॅन्स 'आम्हाला वेगळं वागवतात' म्हणतात, त्यांच्यातलेच बरेच जण ईशान्येची लीग तोडायला तयार नसतात, कारण डर्बी जातील, जुनी दुश्मनी जाईल, लाइपझिग-केमनित्झ-हाल्ले जाईल. मला ते समजतं. पण दोन्ही हवं म्हणता येत नाही ना.

बव्हेरियाचंही तसंच. पाचांपैकी ही एकच लीग एका राज्याच्या संघटनेच्या मालकीची, आणि तिथल्या लोकांना ती प्रचंड प्रिय आहे, घरची लीग, जवळच्या मॅच, संध्याकाळी बिअर पिऊन घरी. चांगलंच आहे. पण त्या आरामाची किंमत दर काही वर्षांनी त्यांचाच एखादा चॅम्पियन भरतो, २०२१ ला श्वाइनफुर्टने भरली, २०२४ ला व्युर्त्सबुर्गने.

प्ले-ऑफ थरारक असतो, असंही म्हणतात. असतोच. २०१४ ला बायर्नची राखीव टीम, कोच एरिक टेन हाग, फोर्टुना कोल्नविरुद्ध शेवटच्या क्षणापर्यंत वर जात होती आणि इंज्युरी टाइममध्ये गोलकीपरच्या हातातून बॉल सुटला, समोरच्याने ढकलला आत, संपलं. असलं बघायला कोणाला आवडत नाही? बुंडेसलिगातही प्ले-ऑफ आहेच. पण तिथे कोण खेळतं, वरच्या लीगमधला सोळावा आणि खालच्या लीगमधला तिसरा. दोघंही आपापल्या ठिकाणी कमी पडलेले. त्यांना आणखी एक परीक्षा द्यायला लावली तर तक्रार कसली? इथे दोन्हीकडे पहिले आलेले आहेत. आणि दोन मॅचमधून ताकद कळते हा जो समज आहे त्याला एल्फर्सबर्ग पुरेसं आहे. तेरा हजार वस्तीच्या गावातला क्लब, २०१६ आणि २०१७ ला प्ले-ऑफ हरला, म्हणजे त्या न्यायाने ड्रिटे लीगासाठी कच्चा. मग थेट जायचा नियम आला, २०२२ ला थेट गेले, २०२३ ला ड्रिटे लीगा जिंकून दुसऱ्या बुंडेसलिगात, आणि २०२५ ला बुंडेसलिगाच्या दारात, हायडेनहाइमविरुद्धच्या दुसऱ्या मॅचच्या अगदी शेवटाला हरले. एवढी चांगली टीम खालच्या पायरीवर किती वर्षं अडकली होती?

मग जागा पाच करा, असं सोपं उत्तर येतं. इथे मी बॅनरवाल्यांच्या विरोधात आहे. ड्रिटे लीगात वीस क्लब, त्यातले आत्ताच चार खाली जातात. पाच केले तर दर सीझनला चौथा हिस्सा क्लब खाली ढकलायचे, शिवाय वर जाणारे वेगळे. कोणता क्लब अशा लीगमध्ये युथ अकॅडमीवर पैसा घालेल? मुळात तिथे जाऊन दिवाळं काढणारे कमी नाहीत, ट्युर्कग्युचु म्युनिक २०२२ मध्ये सीझन अर्धवट सोडून गेलंच. खालच्या घरातल्या संघटनांना हद्दी सोडवत नाहीत म्हणून वरच्या घरातल्यांनी किंमत मोजायची, हा कुठला न्याय?

आपल्याकडे तर असला वाद व्हायलाही खूप काळ लागला. आयएसएल (इंडियन सुपर लीग) सुरू झाल्यावर बराच काळ जुनी राष्ट्रीय लीग, म्हणजे आय-लीग, जिंकून वर जायचा रस्ताच नव्हता, आणि २०१६ ला गोव्याच्या डेम्पो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लबने त्याच रागात आय-लीग सोडली. पाच वेळा देशाचा चॅम्पियन झालेला डेम्पो! त्या मानाने जर्मनांचं भांडण श्रीमंती थाटाचं वाटू शकतं, पण तिथे दार आहे म्हणून तर एक चॅम्पियन बाहेर राहिलेला इतका खुपतो.

तर चार लीग. हद्दी कायमच्या नकोत, दर सीझनला कोणते क्लब आहेत ते बघून, अंतर मोजून आखा, ही कल्पना चर्चेत आहेच आणि मला ती सगळ्यात कमी वाईट वाटते. एखाद्या वर्षी येना दक्षिणेत जाईल, एखाद्या वर्षी माग्डेबुर्गच्या आसपासचा क्लब ब्राउनश्वाइगच्या आसपासच्यांशी खेळेल, काही डर्बी तुटतील, काही नव्या होतील. पण ज्यावर कोणीच बोलत नाही ते हे: पाच लीगमध्ये साधारण अठरा-अठरा क्लब, म्हणजे नव्वद. चार लीगमध्ये अठरा-अठरा म्हणजे बहात्तर. ते अठरा क्लब कोणते? २००० ला चाराच्या दोन केल्या तेव्हा जवळपास निम्म्या क्लबांना एका फटक्यात एक पायरी खाली पाठवलं होतं, आणि त्यातले काही परत कधी वर आलेच नाहीत. सुरुवातीला वीस-वीसच्या चार लीग करून दोन-तीन सीझनमध्ये हळूहळू कमी केलं तर धक्का सौम्य होईल, पण धक्का बसणारच, आणि तो बॅनर धरणाऱ्यांपैकीच काही क्लबांना बसणार. तेव्हा 'चॅम्पियन वर गेलेच पाहिजेत' म्हणणाऱ्या प्रत्येक क्लबच्या अध्यक्षाला माझा एकच प्रश्न आहे, की यंदा तुम्ही तेरावे आलात तर खाली जायला सही कराल का?